विश्लेषण : मूर्तिजापूरच्या नळाला गोडे पाणी येते, पण ते सुरक्षित आहे, हे कसे ओळखायचे?

वऱ्हाडात 'पाणी कसे आहे' असे विचारले की उत्तर एका शब्दात मिळते. गोडे, नाही तर खारे. पूर्णेच्या दोन्ही अंगांच्या गावांनी पिढ्यान् पिढ्या याच एका कसोटीवर विहिरी पारखल्या, मग हापशी, आणि आता बोअर. या पट्ट्यात असूनही मूर्तिजापूर शहर त्या मानाने सुदैवी, कारण त्याच्या नळाला धरणाचे गोडे पाणी येते. त्यामुळे शहरात तक्रार होते ती पाणी किती दिवसांनी आले याची. ते कसे होते, याची क्वचितच.

इंदूरच्या भागीरथपुरा भागातही नळाला नर्मदेचे गोडे पाणीच येत होते. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस त्या नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, शेकडो लोक आजारी पडले आणि अनेकांचा जीव गेला. देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून ज्याची पाठ वर्षानुवर्षे थोपटली गेली, त्याच शहरात हे झाले. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हाही संशयाची सुई पाण्याकडेच गेली होती. मोठ्या शहरांत हे होत असेल, तर चाळीस हजार वस्तीच्या तालुक्याच्या गावाने कोणता प्रश्न विचारायला हवा?

मूर्तिजापूरला पाणी येते कुठून?

अकोला जिल्ह्यात बार्शिटाकळी तालुक्यातल्या महान येथे काटेपूर्णा नदीवर धरण आहे. त्याचा उपयुक्त साठा ८६.३५ दशलक्ष घनमीटर. या एका साठ्यावर अकोला शहर, तिथली औद्योगिक वसाहत, खांबोरा योजनेतली खेडी आणि मूर्तिजापूर, असे सगळे अवलंबून आहेत. शेतीच्या सिंचनाचा वाटा आणखी वेगळा. पाऊस चांगला झाला की सगळ्यांचे भागते. कमी झाला की आधी शेतीचे आवर्तन थांबते आणि मग नळाचे दिवस लांबू लागतात.

धरण दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात आहे, खारपाणपट्ट्याच्या बाहेर. म्हणून पाणी गोडे. ते जलशुद्धीकरण केंद्रात येते, तुरटीने किंवा तशाच रसायनाने त्यातला गाळ खाली बसवला जातो, वाळूच्या थरातून ते गाळले जाते, त्यात क्लोरीन मिसळला जातो आणि मग ते जलवाहिनीतून उंच टाकीत चढते. इथवरचा भाग अभियांत्रिकीच्या दृष्टीने जुना आणि खात्रीचा आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ जगभर हीच पद्धत चालू आहे. केंद्र नीट चालवले तर बाहेर पडणारे पाणी पिण्याजोगेच असते. अडचण पुढच्या प्रवासात आहे, पण त्याआधी खाऱ्या पाण्याचा हिशेब समजून घ्यायला हवा, कारण इथल्या लोकांची पाण्याबद्दलची समजूत त्यातूनच घडली आहे.

खारपाणपट्टा म्हणजे नेमके काय?

उत्तरेला सातपुड्याचा गाविलगड, दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगा, आणि मध्ये पूर्णेचे सपाट खोरे. हजारो वर्षांत या खोऱ्यात गाळ भरत गेला. काही ठिकाणी त्याची जाडी शेकडो मीटर आहे. या गाळात चिकणमातीचे थर मोठे आहेत, त्यामुळे पाणी झिरपते हळू आणि निचरा होतो त्याहून हळू. क्षार वाहून जायचे ते अडकून राहिले. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला मोठा भूभाग यात येतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातली अशी ९३२ गावे धरली होती, यावरून आवाका कळावा.

या गावांत बोअर मारला तर पाणी लागते, पण ते ना पिता येते, ना पिकाला देता येते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. त्यामुळे बाहेरून गोडे पाणी आणणाऱ्या योजना हे इथले मोठे राजकारण आहे. एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख यांनी ६९ गावांच्या रखडलेल्या पाणी योजनेसाठी अकोल्याहून नागपूरकडे पायी यात्रा काढली, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि अकोल्याचे पालकमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासाठी त्यांनी सोबत खारे पाणीच घेतले होते. नागपूरजवळ पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. त्या योजनेचे पाणी ज्या वान प्रकल्पातून यायचे, त्याच्या लाभक्षेत्रातल्या तेल्हारा भागातल्या शेतकऱ्यांचा मात्र पाणी बाहेर देण्याला विरोध होता. गोड्या पाण्याची किंमत काय असते, ते या एका वादात दिसते.

टीडीएस मीटरवर आकडा कमी आला म्हणजे पाणी चांगले?

नाही. आणि गोंधळ इथेच आहे.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) एक लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमपर्यंत ते स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावे असे धरले आहे. खारपाणपट्ट्यातल्या अनेक बोअरचे पाणी ही वरची मर्यादाही ओलांडते. धरणाचे पाणी सहसा ५०० च्या आत असते. शुद्धीकरण यंत्र विकायला आलेला माणूस पेनाएवढा मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतो, तो हाच.

पण तो मीटर प्रत्यक्षात क्षारही मोजत नाही. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्याला एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो. जंतूंमुळे विजेच्या वहनात मोजण्याइतका फरक पडत नाही. एक साधा हिशेब करून पाहता येतो. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत अर्धा पेला, म्हणजे १०० मिलिलिटर सांडपाणी मिसळले असे समजा. तेवढ्या सांडपाण्यात ई-कोलाय जिवाणू सहज दहा लाखांच्या घरात असतात. टाकीभर पसरल्यावरही दर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे शंभर जिवाणू उरतात. मानक सांगते की १०० मिलिलिटरमध्ये एकही आढळता कामा नये. आणि टीडीएस? तो लिटरमागे एक मिलिग्रॅमसुद्धा वाढत नाही. मीटरवर आधी २१० होते, नंतरही २१०. चव तीच, रंग तोच.

म्हणजे खारेपणा जिभेला कळतो आणि त्याचा त्रास हळूहळू होतो. जंतू जिभेला कळत नाहीत, पण दोन दिवसांत माणूस सलाईनवर जातो. मूर्तिजापूरच्या घराघरांत पहिल्या धोक्याची पारख पक्की आहे. दुसऱ्या धोक्यासाठी घरात कोणतेच साधन नाही.

पाणी केंद्रातून शुद्ध निघते, मग बिघडते कुठे?

रिकाम्या पाइपात.

चोवीस तास पाणी असलेल्या जलवाहिनीत आतला दाब कायम बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. कुठे चीर पडली तर पाणी बाहेर उडते. ते वाया जाते, रस्त्यावर डबके होते, पण बाहेरची घाण आत शिरू शकत नाही. म्हणजे दाब हाच पाण्याचा पहारेकरी. दोन-चार दिवसांनी तासभर नळ सोडण्याच्या पद्धतीत हा पहारेकरी बाकी सगळा वेळ गैरहजर असतो. व्हॉल्व्ह बंद झाला की उताराच्या दिशेने पाइप रिकामा होत जातो आणि आत पोकळी निर्माण होते. मग त्याच चिरेतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. बाहेर काय आहे? जुन्या वस्त्यांत बहुतेक ठिकाणी नाली. घरगुती जोडण्या नालीला आडव्या ओलांडून जातात, काही तर नालीतूनच. सांधे ढिले झालेले असतात, गंजलेली नळी कापडाने किंवा रबराने बांधलेली असते.

त्यात दोन सवयींची भर पडते. एक टिल्लू पंप. दाब कमी म्हणून घरोघरी नळाला थेट मोटार लावली जाते. ती फक्त पाणी ओढत नाही, वाहिनीत उणा दाब तयार करते. शेजारच्या घराचे पाणी पळवते, हे सगळ्यांना माहीत असते आणि त्यावरून भांडणेही होतात. पण ती वाहिनीभोवतीच्या ओल्या मातीतले पाणीही आत ओढते, याकडे कुणाचे लक्ष जात नाही. दुसरी सवय खड्ड्यातल्या नळाची. पाणी वर चढत नाही म्हणून अंगणात कमरेइतका खड्डा खणून नळ खाली उतरवायचा. खड्ड्यात सांडलेले पाणी साचते, पावसाळ्यात तो भरून जातो. नळाचे तोंड त्यात बुडालेले असताना पुरवठा बंद झाला, तर खड्ड्यातले पाणी उलटे वाहिनीत जाते. याला चीरही लागत नाही. आणि ते जाते ते फक्त त्या घराच्या पाइपात नाही, अख्ख्या गल्लीच्या वाहिनीत.

नळ आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे गढूळ, कधी वास मारणारे पाणी येते. अनेक घरांत ते सडा घालायला किंवा मोरीत वापरतात. सवय बरोबर आहे. दोन पुरवठ्यांच्या मधल्या काळात वाहिनीत जे शिरले आणि साचले, ते सगळे या पहिल्या लोंढ्यात येते.

हा केवळ तर्क नाही. कर्नाटकात हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांना चोवीस तास पाणी आणि बाकीच्या शहराला काही दिवसांनी पाणी, अशी स्थिती होती. स्रोत आणि शुद्धीकरण सारखेच. संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सलग पुरवठ्याच्या नमुन्यांत ई-कोलाय एक टक्क्याहूनही कमी ठिकाणी आढळला. खंडित पुरवठ्याच्या नमुन्यांत ३१.७ टक्के ठिकाणी. फरक फक्त पाइप भरलेला राहतो की रिकामा होतो, एवढाच होता.

वऱ्हाडात पाणी किती दिवसांनी येते, हा प्रश्न सोयीचा मानला जातो. किती गुंड, किती ड्रम, किती टाक्या भरून ठेवायच्या, एवढ्यापुरता. प्रत्यक्षात तो आरोग्याचा प्रश्न आहे. आठ दिवसांनी येणारे पाणी चार दिवसांनी येणाऱ्या पाण्यापेक्षा नुसते कमी नसते, त्याच्या वाहिनीला घाण ओढायला दुप्पट वेळ मिळालेला असतो. शिवाय साठवणही आठ दिवसांची. ड्रममध्ये हात बुडतो, तांब्या बुडतो, आणि झाकण नीट नसेल तर डेंगीचा डास अंडी घालतो.

मग क्लोरीन काय करतो?

क्लोरीनचे काम केंद्रातच संपत नाही. मानक सांगते की ग्राहकाच्या नळाला आलेल्या पाण्यातही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. साथीच्या काळात हे प्रमाण ०.५ पर्यंत वाढवतात. हा उरलेला क्लोरीन म्हणजे वाटेत काही शिरलेच तर त्याला मारण्यासाठी ठेवलेली शिबंदी. नळाच्या पाण्याला कधीकधी औषधासारखा हलका वास येतो, तो याचाच. लोक त्यावर नाक मुरडतात, पण तो वास आला तर बरे समजावे.

क्लोरीन वाटेत खर्च होत जातो. धरणापासून लांबवर पाइपातून येताना, टाकीत थांबताना, पाइपाच्या आतल्या शेवाळी थराशी भिडताना. म्हणून टाकीजवळच्या घरात तो ठीक असतो आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाला शून्य. तपासणी कुठे केली, यावर सगळे अवलंबून असते. टाकीखालच्या नळाचा नमुना घेऊन 'पाणी योग्य' असा अहवाल देणे सोपे आहे. हद्दवाढीच्या नव्या वस्तीतला, सर्वांत शेवटी दाब मिळणारा नळ खरे काय ते सांगतो.

ज्या योजनांत ब्लिचिंग पावडर वापरतात, तिथे आणखी एक खाच आहे. दहा लाख लिटर पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम मात्रा द्यायची तर २ किलो शुद्ध क्लोरीन लागतो. २५ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर ती ८ किलो. हीच पावडर उघड्या पोत्यात, दमट खोलीत काही महिने पडली की तिची ताकद निम्म्यावर येते. कर्मचारी मात्र तितकीच, ८ किलो टाकत राहतो. नोंदवहीत सगळे बरोबर, पाण्यात मात्रा अर्धी. पावसाळ्यात पाणी गढूळ असताना क्लोरीन आधीच जास्त खर्च होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत नाल्या भरून वाहतात. जून-जुलैत साथी का येतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

जवळचेच उदाहरण घ्यायचे तर मेळघाटाचे. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी गावांत विहिरीच्या दूषित पाण्यामुळे पटकीची साथ पसरली, काही जणांचा मृत्यू झाला. बिल थकल्याने नळयोजनेची वीज तोडली होती आणि म्हणून लोक उघड्या विहिरीवर गेले, हे नंतर समोर आले. पाणी योजनेचे वीजबिल हा हिशेबखात्याचा विषय वाटतो. तो तसा नाही, हे त्या गावांना फार महागात कळले.

कॅनचे थंड पाणी हा मार्ग नाही का?

मूर्तिजापुरातच नव्हे, वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात लग्न, तेरवी, दुकान, दवाखाना, सगळीकडे आता कॅन पोहोचली आहे. कॅन भरणाऱ्या बहुतेक प्लँटमध्ये आरओ यंत्र असते. खाऱ्या बोअरच्या पाण्यातले क्षार काढायला आरओसारखा दुसरा व्यवहार्य उपाय नाही, हे खरेच. ज्या खेड्यात नळयोजनाच नाही, तिथे त्या प्लँटने लोकांची मोठी सोय केली आहे.

पण शहरात धरणाचे पाणी नळाला येत असताना कॅन घेणे हा वेगळा विषय आहे. आरओच्या आधी असलेला कार्बनचा थर पाण्यातला क्लोरीन काढून टाकतो. म्हणजे यंत्रातून बाहेर पडलेले पाणी स्वच्छ असले तरी त्याच्याकडे शिबंदी उरत नाही. पुढे ते ज्या कॅनमध्ये भरले जाते ती कशी धुतली, तोटी कुणी हाताळली, उन्हात टेम्पोत किती तास राहिली, यावर सगळे ठरते. सीलबंद बाटलीवर अन्न सुरक्षा कायद्यानुसार परवाना क्रमांक असतो. मोकळ्या कॅनवर बहुधा काहीच नसते. गार आहे, गोडे आहे, एवढेच तिचे प्रमाणपत्र.

शिवाय आरओ यंत्र पाण्याचा मोठा वाटा टाकाऊ म्हणून बाहेर सोडते. ज्या पाण्याचा टीडीएस मुळातच ५०० च्या आत आहे, तिथे आरओवर बंदी घाला, असे राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये सांगितले होते ते याच कारणाने. धरणाच्या पाण्यासाठी साधे गाळण आणि अतिनील किरणांचे यंत्र किंवा चक्क उकळणे पुरते. उलट बोअरचे खारे पाणी उकळून काही साधत नाही. वाफ जाते, क्षार तिथेच राहतात, पाणी उलट थोडे अधिक खारे होते. दोन रोग, दोन औषधे. त्यांची अदलाबदल केली की पैसा जातो आणि आजारही टळत नाही.

म्हणजे खाऱ्या पाण्याची भीती अनाठायी?

तसे अजिबात नाही. बाळापूर, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत किडनीच्या आजारांची चर्चा कित्येक वर्षांपासून होते आहे आणि गावकरी त्याचा संबंध थेट पाण्याशी जोडतात. तपासताना फक्त टीडीएस पाहून भागत नाही. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत आहे का, फ्लोराइड १.५ च्या आत आहे का, हे वेगळे मोजावे लागते. नायट्रेटला कसलीच चव नसते. खतांचा आणि शौचालयाच्या शोषखड्ड्यांचा निचरा विहिरीत उतरला तर ते वाढते. नळ आठवडाभर आला नाही की शहरातली घरेही वापराला बोअरचे पाणी घेतात, आणि शेवटचा ड्रम संपला की तेच पिण्यातही येते. पुरवठ्याचे दिवस लांबले की दोन्ही धोके एकाच घरात येतात ते असे.

मानक पाळणे पालिकेवर बंधनकारक आहे का?

बाटली विकणाऱ्या कंपनीने निकष मोडला तर तिच्यावर खटला होऊ शकतो. नळाच्या पाण्यासाठी आयएस १०५०० हे मानक मात्र सार्वजनिक पुरवठा यंत्रणांवर त्याच अर्थाने सक्तीचे नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी राज्यांच्या राजधान्यांतल्या नळाच्या पाण्याची क्रमवारी जाहीर केली. मुंबईचे सगळे नमुने सर्व कसोट्यांवर उतरले, दिल्लीचे सपशेल नापास झाले. त्या वेळी मानक सक्तीचे करण्याची चर्चा जोरात झाली, पुढे ती विरली. राज्याच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात आरोग्याला अपाय होणार नाही असे पुरेसे पाणी पुरवणे हे परिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे. पण 'अपाय होणार नाही असे' म्हणजे किती क्लोरीन, किती नमुने, कोणत्या नळाचे, हे नागरिकाने विचारल्याशिवाय त्याला कळत नाही.

चोवीस तास पाणी लहान शहराला परवडेल का?

यावर हमखास उत्तर येते की धरणात पाणीच नाही, तर चोवीस तास देणार कुठून? ऐकायला पटते. पण कराडजवळच्या मलकापूरने (बुलढाण्याचे नव्हे, साताऱ्याचे) मूर्तिजापूरच्याच जातकुळीच्या लहान शहरात हे करून दाखवले आहे, तेही पंधराएक वर्षांपूर्वी. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने तिथे नव्या वाहिन्या टाकल्या, प्रत्येक जोडणीला मीटर बसवला आणि जितका वापर जास्त तितका दर चढा, अशी पट्टी लावली. पाणी केव्हाही येणार हे कळल्यावर कुणी ड्रम भरून ठेवत नाही, आणि नवे पाणी आले म्हणून शिळे मोरीत ओतत नाही. ही नासाडी थांबली की आहे तेवढ्या पाण्यात भागू लागते.

मलकापूरला मोठी नदी जवळ आहे आणि मूर्तिजापूरची वाहिनी लांबची आहे, हा फरक मान्य करावाच लागेल. नागपुरातही धरमपेठेतल्या प्रयोगाने सुरुवात होऊन २०१२ पासून खासगी चालकाकडे काम गेले, तरी अख्ख्या शहराला चोवीस तास पाणी मिळालेले नाही. दुसरीकडे ओडिशातल्या पुरी शहराने जुलै २०२१ पासून नळाचे पाणी थेट पिण्याजोगे असल्याचे जाहीर केले. केंद्राची अमृत २.० योजना ऑक्टोबर २०२१ पासून नगरपरिषदांनाही खुली आहे. पण तिच्या निधीतून नवी टाकी बांधली जाते तेव्हा फोटो निघतो, नालीतून गेलेल्या घरगुती जोडण्या बदलल्या तर कुणाचाच निघत नाही. कामाचा क्रम बऱ्याचदा यावर ठरतो. इंदूरला पाणी कमी नव्हते, निधीही कमी नव्हता.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात गाडगेबाबांचे बालपण गेले. ते कोणत्याही गावात शिरले की कीर्तनाआधी खराटा घेऊन नाली गाठायचे. त्यांच्या तालुक्यात पिण्याच्या पाण्याची नळी नालीतून जावी, ही गोष्ट कुणाला तरी खटकायला हवी.

नागरिकांनी कोणती माहिती मागावी?

पाण्याचा अहवाल 'योग्य' की 'अयोग्य', एवढ्यावर थांबू नये. नमुना कोणत्या वस्तीतला, वाहिनीच्या कोणत्या टोकाचा आणि नळ सुटल्यावर किती वेळाने घेतला, ते विचारावे. गेल्या बारा महिन्यांत शेवटच्या टोकाच्या नळांवर शिल्लक क्लोरीन किती आढळला, ब्लिचिंग पावडर वापरत असतील तर तिची क्लोरीन टक्केवारी कधी तपासली, गळतीच्या किती तक्रारी आल्या आणि किती दिवसांत दुरुस्त झाल्या, ही सगळी माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. वॉर्डाच्या सभेत एका नगरसेवकाला नकाशावर दाखवायला सांगावे की वाहिनी कुठे कुठे नाली ओलांडते. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तिथे शुल्क भरून बोअरचे पाणीही तपासून मिळते.

घरात टिल्लू पंप थेट नळाला लावण्याऐवजी जमिनीलगतच्या टाकीत पाणी आपोआप पडू द्यावे आणि मोटार त्या टाकीवर लावावी. नळाचा खड्डा असेल तर नळी खड्ड्याच्या काठावर आणून, तोंड साचलेल्या पाण्याच्या वर राहील असे करावे. पहिले गढूळ पाणी सोडून द्यावे. पिण्याचे पाणी वेगळ्या, तोटी असलेल्या झाकणबंद भांड्यात ठेवावे. पाण्याला वास आला, रंग बदलला किंवा गल्लीत एकाच वेळी दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले, तर खळखळून उकळी आल्यावरच पाणी प्यावे आणि आरोग्य विभागाला त्याच दिवशी कळवावे. चार घरे थांबून बघत बसली की साथ चाळीस घरांत जाते.

आणि एक चाचणी घरीही करता येते. आरोग्य कर्मचारी जिला ओटी टेस्ट म्हणतात, तिचे छोटे संच बाजारात मिळतात. नळ सुटल्यावर दहा मिनिटांनी काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे. लगेच पिवळसर रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. संचासोबतच्या रंगपट्टीवरून तो साधारण किती, तेही कळते. पाणी बिनरंगाचे राहिले तर त्या दिवशी त्या गल्लीत क्लोरीन पोहोचलेला नाही. तारीख, वेळ आणि पत्ता लिहून फोटोसह तक्रार करावी. चाचणीसाठी घेतलेले पाणी ओतून द्यावे, त्यातले औषध विषारी असते.